चित्रपटांतील नायिका आणि परकायाप्रवेशाचा अधिकार

आपल्या चित्रपटांच्या इतिहासांत दोन तारामती प्रसिद्ध आहेत. पहिली १९१३ च्या मे महिन्यांत मुंबईकरांनीं गिरगांवांतील कॉरोनेशन थिएटरांत 'राजा हरिश्चंद्र' या मूकपटांत पाहिली. ती भूमिका अण्णा साळुंके नांवाच्या एका तरुण पुरुषानें केली होती. दुसरी १९३२ सालीं प्रभात फिल्म कंपनीच्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटांत आली. ती श्रीमती दुर्गाबाई खोटे यांनीं केली. राणी तीच, तिचें दुःख तेंच. परंतु पडद्यावर पुरुषाच्या जागीं स्त्री आली होती, आणि तीहि एका सुशिक्षित, सुखवस्तु घराण्यांतील स्त्री. या दोन प्रसंगांमधील एकोणीस वर्षांचें वर्णन करण्याची आपली एक ठरीव रीत आहे. स्त्रीशिक्षण वाढलें, समाजाचे पूर्वग्रह ओसरले आणि कुलीन स्त्रीनें पडद्यावर पाऊल टाकलें, असें आपण म्हणतों. आम्हीहि वर्गांत अनेक वर्षें हेंच सांगत आलों. मध्यंतरीं एका विद्यार्थिनीनें सहज विचारलें, "सर, मग मधल्या एकोणीस वर्षांत नायिकेचें काम कोण करीत होतें?" तिच्या प्रश्नांत कोणताहि आव नव्हता, परंतु आम्हांस त्या दिवशीं नीटसें उत्तर देतां आलें नाहीं. प्रस्तुत लेख म्हणजे तें राहून गेलेलें उत्तर होय.

नटाचें काम हा एका अर्थीं परकायाप्रवेशच असतो. आद्य शंकराचार्यांची आख्यायिका आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. मंडनमिश्रांच्या पत्नीनें वादांत संसारशास्त्रावरील प्रश्न विचारले, तेव्हां त्यांचीं उत्तरें मिळविण्यासाठीं त्या बालसंन्याशानें अमरुक राजाच्या मृत देहांत प्रवेश केला, अशी ती कथा. तिच्यांत एक बारीकसा तपशील आहे, त्याकडे सहसा लक्ष जात नाहीं. आचार्य राजदेहांत वावरत असतां त्यांचा स्वतःचा देह शिष्यांनीं गुहेंत जपून ठेवला होता. ज्याची स्वतःची कुडी सुरक्षित आहे, त्यालाच दुसऱ्याच्या कुडींत निर्धास्तपणें शिरतां येतें. पडद्यावरील नायिकांचा इतिहास चाळतांना हा तपशील आम्हांस वारंवार आठवला. कोणी कोणाच्या कायेंत शिरावें आणि कोणी शिरूं नये, याचे नियम कलेनें केलेले नव्हते. ते समाजानें केले होते, आणि ते सर्वांस सारखे नव्हते.

आरंभ फाळक्यांपासून करूं. दादासाहेब फाळक्यांनीं तारामतीच्या भूमिकेसाठीं स्त्री मिळावी म्हणून पुष्कळ खटपट केली. जाहिराती दिल्या, नाचगाण्यावर उपजीविका करणाऱ्या स्त्रियांच्या घरीं जाऊन विनवण्या केल्या. परंतु कोणी टिकेना. ज्या काळीं नाटकांत काम करणें हेंच हीन मानलें जाई, त्या काळीं हा नवा, कोणाच्याच ओळखीचा नसलेला धंदा त्याहूनहि खालचा ठरला यांत नवल नाहीं. अखेर ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहांत काम करणारा सडपातळ अंगाचा साळुंके त्यांच्या नजरेस पडला. त्याचा पगार महिना दहा रुपये होता. फाळक्यांनीं पंधरा देऊं केले, आणि हिंदुस्थानास पहिली चित्रपट-नायिका लाभली. याच साळुंक्यांनीं १९१७ च्या 'लंकादहन' मध्यें राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. ज्या पुरुषानें सीतेचें हरण सोसलें, त्याच पुरुषानें रामाचा शोक केला, आणि प्रेक्षकांनीं दोघांसहि हात जोडले. फाळक्यांची कन्या मंदाकिनी हिनें पुढें 'श्रीकृष्णजन्म' आणि 'कालियामर्दन' या चित्रपटांत बालकृष्णाची भूमिका केली. एकंदरींत, पुरुष सीता झाला तरी चालत होतें, लहान मुलगी कृष्ण झाली तरी चालत होतें. जाणत्या स्त्रीनें मात्र स्त्री होऊन लोकांपुढें उभें राहणें चालत नव्हतें.

येथें फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाणें योग्य होणार नाहीं. कच्च्या फितीस छिद्रें पाडणें, ती रसायनांत धुऊन काढणें, सर्व मंडळींचा स्वयंपाक पाहणें, हीं कामें त्यांनीं केलीं. म्हणजे चित्रपटाच्या निर्मितींत स्त्री पहिल्या दिवसापासून होती. ती कॅमेऱ्याच्या मागें होती इतकेंच.

मराठी रंगभूमीचीहि हीच रीत होती. बालगंधर्वांची भामिनी आणि सिंधू पाहून कुलीन स्त्रिया त्यांच्यासारखें नेसूं लागल्या. स्त्रीनें स्त्रीसारखें कसें दिसावें हें एक पुरुष शिकवीत होता. आम्ही त्या थोर कलावंताचें श्रेय रतिमात्र कमी करूं इच्छीत नाहीं. परंतु कॅमेरा हा मोठा निष्ठुर प्रेक्षक आहे. नाटकगृहांतील दिव्यांची माया त्याच्यावर चालत नाहीं. तो चेहऱ्याच्या वीतभर अंतरावर येऊन उभा राहतो. १९३५ सालीं बालगंधर्व प्रभातच्या 'धर्मात्मा' मध्यें आले ते एकनाथ महाराज म्हणून, पुरुष म्हणूनच. स्त्रीची भूमिका स्त्रीकडे जाण्यास समाजसुधारणेइतकाच हा यंत्राचा निष्ठुरपणाहि कारण झाला, असें आम्हांस वाटतें.

पडद्यावर आलेल्या पहिल्या स्त्रिया आपल्याच प्रांतांतील होत. 'राजा हरिश्चंद्र' नंतर फाळक्यांनीं काढलेल्या 'मोहिनी भस्मासुर' मध्यें दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमला मोहिनी झाली. कमलेचें वय तेव्हां तेरा वर्षांच्या आसपास होतें. दुर्गाबाई पतीपासून विभक्त होऊन, मुलीस घेऊन, फिरत्या नाटक मंडळींत पोट भरीत होत्या. ज्या स्त्रीस समाजांत गमावण्यासारखें फारसें उरलेलें नव्हतें, तीच प्रथम पुढें आली. तिच्या धाडसाचें कौतुक आपण आज करतों. त्या धाडसामागें दुसरी वाट नव्हती हें सहसा सांगत नाहीं. हीच कमला पुढें कमलाबाई गोखले म्हणून रंगभूमीवर गाजली, आणि तिच्या मुलानें व नातवानेंहि अभिनयाचा वारसा चालविला.

कामत मायलेकींच्या पाठोपाठ घराघरांतून मुली बाहेर पडल्या असत्या, तर आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचें उत्तर सोपें झालें असतें. तसें झालें नाहीं. १९२० नंतरच्या दहा वर्षांत मूकपटांचा धंदा मुंबई-कलकत्त्यास भरभराटीस आला, नायिकांची मागणी वाढली, आणि ती मागणी मुख्यतः यहुदी आणि अँग्लो-इंडियन घरांतील मुलींनीं पुरविली. कलकत्त्याची पेशन्स कूपर मदन कंपनीच्या चित्रपटांत दमयंती झाली. रेनी स्मिथ या अँग्लो-इंडियन मुलीनें सीतादेवी हें नांव घेतलें, आणि हिमांशू राय यांच्या १९२५ च्या 'प्रेम संन्यास' मध्यें ती सिद्धार्थाची पत्नी गोपा झाली. पुण्यास जन्मलेली रूबी मायर्स ही यहुदी मुलगी टेलिफोनच्या कचेरींत नोकरी करीत होती. ती सुलोचना झाली.

याच मुली पुढें कां आल्या? एक कारण असें कीं, टेलिफोन, टंकलेखन, इंग्रजी नाटकगृहें अशा ठिकाणीं पगारी काम करण्याची त्यांच्या समाजास संवय होती. स्त्रीनें घराबाहेर जाऊन पैसा मिळविला तर तेथें आकाश कोसळत नव्हतें. दुसरें कारण, मूकपटास भाषा लागत नाहीं. संवाद पाटीवर लिहून येतात, तेव्हां उच्चारांची अडचण नव्हती. तिसरें कारण सांगतांना संकोच वाटतो, पण तें सांगितलें पाहिजे. गोऱ्या वर्णाचा आपणांस पूर्वींपासून सोस. त्यांत राज्य गोऱ्यांचें. आपली सीता, आपली दमयंती, आपली अनारकली गोरी असावी अशी प्रेक्षकाची इच्छा होती, आणि आपल्या घरची मुलगी मात्र त्या ठिकाणीं नसावी अशीहि त्याची इच्छा होती. या दोन्ही इच्छा एकदम पुरविण्याचा मार्ग म्हणजे परकी मुलगी आणून तिला आपलें नांव देणें. चेहरा त्यांचा घेतला, नांव आपलें दिलें, आणि कुळाची बेअब्रू मात्र त्यांच्याकडेच राहूं दिली.

या व्यवहारांत त्या मुलींनीं केवळ सोसलें असें मात्र नव्हे. सुलोचनेचेंच उदाहरण घ्या. १९२७ च्या एका मूकपटांत, ज्याच्या इंग्रजी नांवाचा अर्थ 'मुंबईची रानमांजर' असा होतो, तिनें आठ वेष घेतले. त्यांत पोलिसाचा शिपाई होता, हैदराबादी गृहस्थ होता, केळीं विकणारी म्हातारी होती आणि एक युरोपियन बाईहि होती. साळुंक्यांनीं राम आणि सीता होऊन जें केलें, त्याच्या चौपट या पुण्याच्या मुलीनें करून दाखविलें. १९२६ च्या चित्रपटांत ती टायपिस्ट झाली, १९२९ मध्यें 'इंदिरा बी. ए.' झाली. पदवीधर स्त्री हा आपल्याकडे अजून थट्टेचा विषय असतां पडद्यावर ती नायिका म्हणून वावरूं लागली होती. सुलोचनेचा पगार दरमहा पांच हजारांवर गेल्याचें सांगतात. मुंबईच्या गव्हर्नरापेक्षां तिला अधिक मिळतें, अशी त्या काळीं वदंता होती. वदंता खरी असो वा नसो, स्त्रीच्या कमाईविषयीं अशी वदंता उठावी हीच गोष्ट नवी होती.

१९३१ च्या मार्च महिन्यांत मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरांत 'आलम आरा' हा पहिला हिंदी बोलपट लागला. तो काढणारी इंपीरियल कंपनी ही सुलोचनेचीच कंपनी. पण त्याची नायिका झुबेदा झाली. झुबेदेची आई फातमा बेगम हिनें १९२६ सालींच स्वतः चित्रपट दिग्दर्शित केला होता, हेंहि येथें नमूद केलें पाहिजे. नायिकेस आतां वाणी आली होती, आणि ती वाणी कोणाची असावी हा प्रश्न उभा राहिला. सुलोचनेनें कांहीं काळ काम थांबवून भाषा शिकून घेतली, आणि आपल्याच जुन्या चित्रपटांचे बोलपट करून ती परत आली. १९२८ प्रमाणें १९३५ मध्येंहि ती अनारकली झाली. परंतु काळ बदलत होता. १९५३ सालीं 'अनारकली' पुन्हा निघाला, तेव्हां त्यांत तिच्या वांट्यास सलीमच्या आईची भूमिका आली. १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला, आणि १९८३ मध्यें तिचें निधन झालें. पुण्यांत जन्मलेल्या या नटीचें नांव पुण्याच्या किती घरांत आज ठाऊक असेल, याची आम्हांस शंका आहे.

नांव बदलून घेण्यास नकार देणारी एकच निघाली. मेरी अ‍ॅन एव्हन्स ही १९०८ सालीं ऑस्ट्रेलियांतील पर्थ येथें जन्मली. तिचा बाप ब्रिटिश सैन्यांत होता. लहानपणींच ती मुंबईस आली, आणि मोठेपणीं सर्कशींत व नाटकांत कामें करूं लागली. वाडिया बंधूंनीं तिला चित्रपटांत घेण्याचें ठरविलें, तेव्हां तिनें हिंदू नांव आणि लांब काळ्या वेण्या घ्याव्या अशी सूचना झाली, व तिनें ती हंसून फेटाळली, असें सांगतात. नादिया हें नांव तिनें राखलें, सोनेरी केंस राखले, आणि मोडक्या हिंदींत बोलत १९३५ च्या 'हंटरवाली' मध्यें ती राजकन्या माधुरी झाली. घोड्यावर बसून, हातांत चाबूक घेऊन, ती दुष्टांस झोडपी आणि गरिबांचें रक्षण करी. देशांत गोऱ्या राज्याविरुद्ध लढा चाललेला असतां थिएटरांतील प्रेक्षकांनीं या गोऱ्या बाईस आपल्या बाजूची मानून शिट्ट्या मारल्या. प्रेक्षक भोळा असतो हें खरें. पण तो वर्णापेक्षां कृतीकडे पाहूं शकतो, हेंहि येथें सिद्ध झालें. मात्र एक गोष्ट विसरूं नये. एव्हन्सबाईंस नकार देतां आला, कारण राज्य त्यांच्या रंगाचें होतें. गुहेंत ठेवलेल्या त्यांच्या देहास पहारा होता.

आतां दुर्गाबाई खोट्यांकडे वळूं. त्यांचें माहेर व सासर दोन्ही प्रतिष्ठित. त्यांचें शिक्षण इंग्रजी शाळा-कॉलेजांत झालेलें. संसारावर आर्थिक संकट आलें तेव्हां १९३१ मध्यें 'फरेबी जाल' या चित्रपटांत त्यांनीं लहानसें काम केलें, आणि त्यावरून मोठा गहजब झाला. तरीहि पुढील वर्षीं त्या तारामती झाल्या, आणि १९३६ च्या 'अमर ज्योति' मध्यें समुद्रावर लुटारूंचें नेतृत्व करणारी सौदामिनी झाल्या. पाठोपाठ १९३७ मध्यें शांता आपटे 'कुंकू' मध्यें उभ्या राहिल्या. म्हाताऱ्या नवऱ्याशीं लावलेलें लग्न आपण मानीत नाहीं, असें त्या चित्रपटांतील नायिकेनें स्पष्ट सांगितलें. या दोघींचें ऋण मराठी समाजावर मोठें आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, त्या ज्या वाटेनें आल्या ती वाट रिकामी नव्हती. पडद्यावरील स्त्री म्हणजे पतिता, या समजुतीचे पहिले घाव यहुदी, अँग्लो-इंडियन, मुसलमान आणि कलावंतिणींच्या घरांतील मुलींनीं आपल्या अंगावर घेतले. वाट रुळल्यावर कुलीन स्त्री आली, आणि इतिहासांत 'प्रवेश' हा शब्द तिच्यापासून सुरू झाला.

येथवरचा इतिहास उपेक्षेचा आहे. यापुढील प्रसंग त्याहून कठोर आहे, आणि तो महाराष्ट्रांतील नव्हे. परंतु परकायाप्रवेशाच्या नियमांची खरी परीक्षा तेथेंच झाली, म्हणून तो येथें सांगणें भाग आहे. १९३० च्या सुमारास त्रावणकोर संस्थानांत जे. सी. डॅनियल या तरुणानें 'विगतकुमारन्' हा मूकपट काढला. मल्याळी चित्रपटाचा इतिहास तेथून सुरू होतो. त्याची नायिका पी. के. रोझी. ती पुलय या अस्पृश्य मानलेल्या जातींतील होती, आणि लोकनाट्यांत कामें करीत असे. चित्रपटांत तिनें सरोजिनी नांवाच्या नायर स्त्रीची, म्हणजे वरिष्ठ जातींतील स्त्रीची, भूमिका केली. त्रिवेंद्रमच्या कॅपिटॉल थिएटरांत चित्रपट लागला. स्वतःचा चित्रपट पाहण्यास रोझीस तेथें बसतां आलें नाहीं. पुलय मुलगी नायर स्त्री होऊन पडद्यावर वावरते, नायक तिच्या केंसांतील फुलाचें चुंबन घेतो, हें पाहून प्रेक्षक खवळले. त्यांनीं पडद्यावर दगड फेंकले. पुढें रोझीचें घर जाळण्यांत आलें. ती रातोरात पळून तामिळ मुलुखांत गेली, तेथें तिनें लग्न केलें आणि उरलेलें आयुष्य दुसऱ्याच नांवानें काढलें. तिनें पुन्हा कधीं चित्रपटांत काम केलें नाहीं. डॅनियल कर्जबाजारी झाला. त्यानेंहि दुसरा चित्रपट काढला नाहीं. त्या चित्रपटाची प्रत आज उपलब्ध नाहीं. १९९२ पासून केरळांत डॅनियलच्या नांवें पुरस्कार दिला जातो. रोझीची आठवण पुष्कळ उशिरां निघाली, आणि २०१३ च्या 'सेल्युलॉईड' या चित्रपटानें ती घरोघर पोंचविली.

ती घटना ताजी असतांच, १९३६ मध्यें, मुंबईच्या मालाड येथील बॉम्बे टॉकीजनें 'अछूत कन्या' काढला. डॉ. आंबेडकरांनीं येवल्यास हिंदु धर्म सोडण्याची घोषणा केली त्याच्या पुढच्याच वर्षीं. त्यांत कस्तुरी या अस्पृश्य मुलीची भूमिका देविकाराणींनीं केली. त्या रवींद्रनाथांच्या नात्यांतील, विलायतेंत शिकलेल्या. कस्तुरीचें ब्राह्मण तरुणावर प्रेम असतें, तें सफल होत नाहीं, आणि शेवटीं ती आगगाडीखालीं सांपडून मरते. चित्रपट सद्भावनेनें काढलेला होता याविषयीं आम्हांस शंका नाहीं. अनेक प्रेक्षकांचीं मनें त्यानें द्रवविलीं. परंतु हे दोन प्रसंग शेजारीं ठेवून पाहा. उच्च कुळांतील स्त्री अस्पृश्य झाली, तेव्हां तिची वाहवा झाली. अस्पृश्य स्त्री उच्च कुळांतील झाली, तेव्हां तिचें घर जळलें. दोघींनींहि एकच गोष्ट केली होती. परकायाप्रवेश वरून खालीं केला तर तो अभिनय, आणि खालून वर केला तर तो अपराध.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो विचारी लोकांकडूनच येतो. कलेस जात-धर्म कशाला चिकटवावा? नटानें कोणीहि व्हावें. यहुदी मुलगी अनारकली होते आणि बंगाली ब्राह्मण कन्या अस्पृश्य होते, यांतच कलेचा मोठेपणा नाहीं काय? आम्हांस हा आक्षेप मान्य आहे. इतकेंच नव्हे, तर तोच आमचा मुद्दा आहे. अस्पृश्याची भूमिका अस्पृश्यानेंच करावी, यहुद्याची यहुद्यानेंच करावी असा नियम झाला, तर नाट्यकला ही जातवार खानेसुमारी होऊन बसेल. साळुंक्यांची सीता खोटी नव्हती, आणि देविकाराणींची कस्तुरीहि खोटी नव्हती. परंतु कलेस जात नसते हें वाक्य उच्चारण्याचा अधिकार त्यालाच पोंचतो, जो दरवाजा दोन्ही बाजूंनीं उघडा ठेवतो. एकाच बाजूनें उघडणाऱ्या दरवाजास दरवाजा म्हणत नाहींत. तो सांपळा असतो.

दरवाजा आतां थोडा अधिक उघडला आहे, हें नमूद करण्यास आम्हांस समाधान वाटतें. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट' (२०१६) मध्यें नायिका स्वतः ट्रॅक्टर आणि बुलेट चालवीत येते, आणि घाबरलेल्या नायकास धीर देते. तिच्या मागें कोठें तरी हंटरवालीचा घोडा दौडत असावा. त्यांच्याच 'फँड्री' (२०१३) या चित्रपटाचा नायक कैकाडी घरांतील जब्या हा शाळकरी मुलगा आहे. त्याच्या कुटुंबास गांवाचीं डुकरें पकडावीं लागतात, आणि गांव भोंवतीं उभें राहून हंसतें. अखेरीस तो दगड उचलून फेंकतो, आणि तो दगड थेट कॅमेऱ्याच्या, म्हणजे आपल्याच, दिशेनें येतो. आम्ही तो चित्रपट पाहिला तेव्हां रोझीची हकीकत आम्हांस ठाऊक नव्हती. ती कळल्यावर त्या दगडाचा अर्थ बदलला. त्रिवेंद्रमच्या थिएटरांत प्रेक्षकांनीं पडद्यावर दगड मारले होते. ऐंशीएक वर्षांनीं त्यांतला एक परत आला, इतकेंच.

असो. विद्यार्थिनीस आम्ही आतां उत्तर देऊं शकतों. मधल्या एकोणीस वर्षांत नायिका झाल्या त्या दुर्गाबाई कामत, कमला, पेशन्स कूपर, रेनी स्मिथ, रूबी मायर्स, झुबेदा, रोझी आणि त्यांच्यासारख्या इतर कित्येक. कोणाची अब्रू गेली, कोणाचें नांव गेलें, एकीचें घर गेलें. आपल्या राण्या आणि देवता त्यांच्या रूपानें पडद्यावर आल्या, आणि काम झाल्यावर त्या स्त्रियांना परत जाण्यास जागा आहे कीं नाहीं, याची चौकशी कोणी केली नाहीं. यापुढें वर्गांत दोन तारामतींची गोष्ट सांगतांना आम्ही मध्येंच थांबून हीं नांवें फळ्यावर लिहिणार आहों. नवऱ्यानें दिलेल्या वचनापायीं विकली गेलेली राणी म्हणून तारामतीसाठीं आपण पिढ्यान् पिढ्या डोळे पुसत आलों. तिचें रूप घेणाऱ्या स्त्रियांचा हिशेब मात्र अजून आपल्याकडे थकलेला आहे.